आधी कोणता भाग बदलायचा? : वऱ्हाडातील असेंबल्ड कॉम्प्युटरची चाळीस वर्षे

जुन्या झालेल्या गेमिंग कॉम्प्युटरवर पैसे टाकायचे तर आधी कोणता भाग बदलावा, हा प्रश्न दिवाळीच्या आसपास अकोला आणि अमरावतीच्या दुकानांत हमखास ऐकू येतो. सोयाबीनचा पैसा, नोकरदारांचा बोनस आणि मुलांच्या सुट्या एकाच सुमारास येतात. विचारणाऱ्याला तो तांत्रिक प्रश्न वाटतो आणि दुकानदारही त्याला तांत्रिक उत्तर देतो. गेली काही वर्षे मी या भागातील जुन्या पावत्या, कोटेशनचे कागद आणि बंद पडलेले मदरबोर्ड गोळा करीत आलो आहे. (यातली शेवटची वस्तू संशोधनात मोडत नाही, असे घरच्यांचे मत आहे.) हा सगळा पसारा कालक्रमाने लावला की दिसते ते असे, की या प्रश्नाचे उत्तर दर पाच-सात वर्षांनी बदलत गेले. ते बदलवणाऱ्या बऱ्याच गोष्टी डब्याच्या बाहेरच्या होत्या : आयातशुल्क, भारनियमन, वैशाखातले ऊन, जपानमधल्या एका कारखान्याची आग. आणि आणखी एक गोष्ट दिसते. ज्या घरांचे पैसे वाया गेले, ती बहुतेक वेळा मंद भाग घेतल्यामुळे गेली नाहीत. पुढच्या मशीनमध्ये नेता येणार नाही असा भाग त्यांनी घेतला होता.

हे समजून घ्यायला मूर्तिजापूरचे एक उदाहरण उपयोगी पडते. मूर्तिजापूरहून एका बाजूला अचलपूर आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळला पूर्वी जाणारी शकुंतला वऱ्हाडात कोणाला सांगावी लागत नाही. अडीच फुटी नॅरोगेज रूळ, किलिक निक्सन कंपनीचा कारभार, आणि मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन. हे इंजिन एप्रिल १९९४ मध्ये निवृत्त झाले आणि त्याच्या जागी डिझेल इंजिन आले. इंजिन नवे, ताकद जास्त. पण रूळ तेच, पूल तेच, फाटकेही तीच. गाडी किती धावणार हे रूळ ठरवीत होते, त्यामुळे अचलपूरला जाणाऱ्या माणसाच्या वेळात म्हणावा तसा फरक पडला नाही. कॉम्प्युटरच्या शास्त्रात हीच गोष्ट जीन अमडाल या अमेरिकन अभियंत्याने १९६७ मध्ये गणिताने मांडली. एकूण कामाचा जेवढा हिस्सा तुम्ही वेगवान करता, तेवढ्याच हिश्श्यापुरता फायदा मिळतो, उरलेला हिस्सा पूर्वीच्याच गतीने चालतो. बैलजोडी हाकणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. दुकानात मात्र नवे इंजिन विकणे सोपे असते, रूळ विकणे कठीण.

आता मुळाशी जाऊ. भाग बदलता येतात ही कल्पनाच मुळात १२ ऑगस्ट १९८१ रोजी बाजारात आलेल्या आयबीएम पीसीमुळे रुजली. आयबीएमने घाईत, बाजारात मिळणारे भाग वापरून हे मशीन उभे केले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, बोर्डावर वरून कार्ड खोचायला पाच स्लॉट, आणि प्रोसेसरशेजारी गणिताच्या जोडचिपसाठी एक रिकामे सॉकेट. शिवाय सर्किटचे नकाशे कंपनीने पुस्तकातच छापून दिले. त्यामुळे वर्ष-दोन वर्षांत इतरांनी तशीच मशीन बांधायला सुरुवात केली आणि कॉम्प्युटर ही वस्तू न राहता भागांची मोळी झाली. टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रांत हे कधी झाले नाही. ती बंद डबी होती, जुनी झाली की टाकायची.

आपल्याकडे आयबीएमने १९७८ मध्येच गाशा गुंडाळला होता आणि परदेशी कॉम्प्युटर आणायचा तर परवानग्यांचे जंगल पार करावे लागे. नोव्हेंबर १९८४ च्या नव्या कॉम्प्युटर धोरणाने आयात सोपी केली. त्याच्या एक वर्ष आधी, १९८३ मध्ये, वसंतदादा पाटलांच्या सरकारने खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली होती. बडनेरा आणि शेगावची महाविद्यालये त्याच वर्षीची, अमरावती विद्यापीठही १ मे १९८३ चे. वऱ्हाडातल्या मुलांनी कॉम्प्युटर पाहिला तो बहुधा अशा लॅबमध्ये, चपला बाहेर काढून, एसीच्या गारव्यात. घरी नव्हता. गेम होते ते फ्लॉपीवर मावणारे : पॅराट्रूपर, डिगर, पुढे डेव्ह आणि प्रिन्स ऑफ पर्शिया. लॅबचे सर बाहेर गेले की ते चालत.

त्या काळी भाग बदलण्याचा प्रश्न नव्हताच, उलट वेग जास्त झाल्याची अडचण होती. जुने गेम प्रोसेसरच्या ठोक्यावर चालत, त्यामुळे २८६ किंवा ३८६ वर तेच गेम लावले की माणूस पडद्यावरून पळतच सुटे. कॅबिनेटवर टर्बो नावाचे बटण असे ते यासाठी. नाव टर्बो, आणि खरे काम मशीनला मुद्दाम मंद करण्याचे. आजच्या मुलांना हे सांगितले तर ती विश्वास ठेवत नाहीत.

१० डिसेंबर १९९३ रोजी डूम आला आणि चित्र पालटले. त्याला ३८६ प्रोसेसर आणि ४ एमबी रॅम लागे. आपल्याकडच्या अनेक मशीनमध्ये प्रोसेसर होता, पण रॅम १ किंवा २ एमबी. म्हणजे नव्वदीच्या पूर्वार्धात ‘आधी काय?’ याचे उत्तर रॅम असे होते. पण रॅम वाढवणे हे आजच्यासारखे एक पट्टी खोचण्याचे काम नव्हते. त्या वेळच्या ३० पिनांच्या पट्टीतून एकावेळी ८ बिटच जात आणि ४८६ ला एका दमात ३२ बिट लागत, म्हणून पट्ट्या चारच्या संचात घ्याव्या लागत. आणि सगळे स्लॉट आधीच लहान पट्ट्यांनी भरलेले असले की जुन्या चारही काढून टाकाव्या लागत. त्यात जुलै १९९३ मध्ये जपानमधील निहामा येथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्याला आग लागली. चिपवर जे काळे कवच असते त्यासाठी लागणारे इपॉक्सी राळ जगातल्या मोठ्या हिश्श्याला हाच कारखाना पुरवीत असे. रॅमचे भाव पाहता पाहता जवळपास दुप्पट झाले. ज्याने त्या आधी पट्ट्या घेतल्या तो शहाणा ठरला, केवळ नशिबाने. आणि पेंटियम आल्यावर ७२ पिनांच्या, नंतर १६८ पिनांच्या पट्ट्या आल्या. महागात घेतलेल्या त्या चार पट्ट्या पुढच्या मशीनमध्ये गेल्या नाहीत. माझ्या डब्यात अशा अकरा आहेत.

जून १९९६ मध्ये क्वेक आला तेव्हा धडा वेगळा मिळाला. त्या वेळी सायरिक्सचा प्रोसेसर पेंटियमपेक्षा स्वस्त मिळे आणि टायपिंग, हिशेब, डीटीपी यांत कुठे कमी पडत नसे. पण क्वेक दशांश अपूर्णांकांच्या गणितावर उभा होता आणि सायरिक्सचे ते अंग कमजोर होते. रॅम कितीही वाढवा, गेम अडखळायचा तो अडखळायचाच. त्याच वर्षाच्या शेवटी थ्रीडीएफएक्स कंपनीचे वूडू कार्ड आले. ते फक्त त्रिमिती चित्र काढे. साध्या कामासाठी दुसरे कार्ड ठेवावेच लागे आणि दोन्हींमध्ये मागच्या बाजूने एक केबल जोडावी लागे. वऱ्हाडात ते फार घरांत पोचले नाही, पण त्याने प्रश्नाचे उत्तर कायमचे बदलले. तिथून पुढे ‘आधी काय?’ म्हणताच लोक ‘ग्राफिक कार्ड’ म्हणू लागले, आणि आजही म्हणतात.

भाग येत कुठून? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा नागपूरच्या सीताबर्डीतून. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही तिन्ही स्टेशने मुंबई-नागपूर मुख्य मार्गावर आहेत, हे वऱ्हाडातल्या कॉम्प्युटर व्यवसायाचे मोठे भाग्य. रात्रीच्या गाडीने जायचे, दिवसभर लॅमिंग्टन रोड पालथा घालायचा, आणि परतीच्या गाडीत मदरबोर्डचे खोके उशाशी घेऊन झोपायचे, हा अनेक दुकानदारांचा शिरस्ता होता. १९९७ मध्ये भारताने माहिती तंत्रज्ञानाच्या जागतिक करारावर सही केली आणि कॉम्प्युटर व सुट्या भागांवरचे आयातशुल्क टप्प्याटप्प्याने कमी होत २००५ पर्यंत शून्यावर आले. पावत्यांमध्ये हा उतार स्पष्ट दिसतो. दरवर्षी तेवढ्याच पैशांत जास्त मशीन येई. असेंबल्ड कॉम्प्युटर मध्यमवर्गीय घरात शिरला तो या काळात, आणि २००१ नंतर एमएस-सीआयटीने त्याला कारणही दिले. मुलगा कोर्स करतो म्हणून कॉम्प्युटर घ्यायचा. तो रोड रॅश खेळतो हे नंतर कळे.

पण इथेच माझ्या संग्रहातली सर्वांत बोलकी गोष्ट येते. १९९९ मध्ये इंटेलने ८१० नावाचा चिपसेट काढला. त्यात ग्राफिक बोर्डातच होते, वेगळे कार्ड नको, म्हणून बोर्ड स्वस्त. असे बोर्ड आपल्या बाजारात खूप खपले. पावतीवर ‘ग्राफिक इनबिल्ट’ असे लिहिलेले असे आणि घेणाऱ्याला ते बक्षीस वाटे. पण ८१० च्या बोर्डावर एजीपीचा स्लॉटच नव्हता. दोन-तीन वर्षांनी मुलगा मोठा झाला, मे २००३ मध्ये जीटीए व्हाइस सिटी आला, त्याला ३२ एमबीचे ग्राफिक लागे. घरात कार्डापुरते पैसे होते, दुकानात कार्ड होते, आणि बोर्डावर ते खोचायला जागा नव्हती. जुन्या पीसीआय स्लॉटचे कार्ड मिळे, ते मंद आणि वर महाग. पहिल्या दिवशी बोर्डावर वाचवलेल्या थोड्या पैशांनी चार वर्षांनंतरचा निर्णय करून टाकला होता. माझ्याजवळच्या त्या काळच्या पावत्यांत याच कारणाने बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम तिन्ही एकदम बदलल्याचे दाखले सारखे सापडतात.

एजीपी स्लॉट ज्यांच्याकडे होता त्यांचीही गत पुढे फार वेगळी झाली नाही. २००४ मध्ये इंटेलच्या ९१५ चिपसेटपासून पीसीआय एक्सप्रेस आले आणि चांगली एजीपी कार्डे नव्या बोर्डावर बसेनात. त्याच सुमाराला नावाने फसवणूक होण्याचा प्रकारही झाला. २००२ मधील जीफोर्स ४ एमएक्स हे कार्ड ‘४’ या आकड्यावर विकले गेले, पण आतून ते जीफोर्स २ चेच भावंड होते. त्यात नव्या गेमना लागणारी शेडर नावाची सोय नव्हती. २००३ चा प्रिन्स ऑफ पर्शिया त्याच्यावर सुरूच होत नसे, आधीच्या जीफोर्स ३ वर मात्र चाले. आकडा मोठा म्हणजे कार्ड मोठे, असे समजणाऱ्यांत दुकानदारही होते, त्यामुळे सगळा दोष त्यांच्यावर टाकू नये.

आता वऱ्हाडाच्या खास अडचणीकडे येऊ. पुण्या-मुंबईत लिहिलेल्या मार्गदर्शक लेखांत ती सापडत नाही. २००५ पासून पुढची सहा-सात वर्षे महाराष्ट्रात भारनियमन होते. जिल्ह्याच्या ठिकाणी कमी, तालुक्याला जास्त, खेड्यात विचारूच नका. वीज जाणे एकवेळ परवडे, ती येताना जो झटका देई तो परवडत नसे, आणि सायंकाळी पंप सुरू झाले की व्होल्टेज बसे. या सगळ्याचा मार झेलणारा भाग म्हणजे एसएमपीएस, कॅबिनेटमध्ये मागच्या बाजूला असलेला वीजपुरवठ्याचा डबा. कॅबिनेट घेतले की तो फुकट येई, आणि फुकट आलेल्या वस्तूचा दर्जा कोणी विचारीत नाही. त्यावर ‘४५० वॅट’ असे मोठ्या अक्षरात छापलेले असे. पण २००० नंतर प्रोसेसर आणि कार्ड आपली वीज १२ व्होल्टच्या तारेतून घेऊ लागले होते, २००३ च्या नव्या प्रमाणाने तर सगळा भर तिकडेच नेला. स्वस्त डब्यांची रचना जुनीच राहिली. ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्टवर ताकद भरपूर, आणि जिथे हवी तिथे तुटपुंजी. लेबलावरचे लहान अक्षरांतले कोष्टक वाचले की हे कळते. दुकानात उभे राहून ते वाचणारे गिऱ्हाईक मला आजवर दोनदाच दिसले.

त्यावर ऊन. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत अनेकदा चढतो आणि क्वचित ४७ च्या पुढेही जातो. बोर्डावर आणि एसएमपीएसमध्ये जे नळकांडीसारखे कॅपॅसिटर असतात, त्यांचे आयुष्य दर १० अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होते, हा इलेक्ट्रॉनिक्समधला ढोबळ पण खरा नियम आहे. २००० च्या आगेमागे बाजारात आलेल्या अनेक बोर्डांवरचे कॅपॅसिटर मुळातच निकृष्ट होते, ते जगभर फुगले आणि गळले. आमच्याकडे ते जरा लवकर फुगले इतकेच. शिवाय धूळ, आणि जिनिंगच्या हंगामात हवेत तरंगणारी रुईची तूस. ती प्रोसेसरच्या पंख्यात नमद्यासारखी बसते. पेंटियम ४ पासून प्रोसेसर फार तापला की स्वतःच आपला वेग कमी करतो. म्हणजे मार्चमध्ये सुरळीत चालणारा गेम मेमध्ये अडखळला, तर त्याचे औषध नवे कार्ड नसून ब्रश, ब्लोअर आणि चिमूटभर थर्मल पेस्ट हे असू शकते. अकोल्याच्या टिळक रोडवरील एका जुन्या मेकॅनिकची पद्धत मला फार आवडते. कार्ड घ्यायला आलेल्या प्रत्येकाला तो म्हणतो, “कार्ड मंग घेजा भाऊ, पयले डब्बा उघडून एसएमपीएस पाहू.” त्याचा धंदा यामुळे किती बुडतो कोण जाणे.

२०१० नंतरचा काळ झरझर सांगतो. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आली. फिरत्या चकतीपेक्षा ती कितीतरी चपळ, आणि आपटण्याची भीती नाही. जुन्या मशीनला इतका मोठा फरक दुसऱ्या कोणत्याच भागाने पडलेला मी पाहिला नाही, जरी गेमची फ्रेम तिने वाढत नाही. २०१६ मध्ये जिओ आला, मग मोबाइलवर पबजी, आणि पुष्कळ मुलांनी कॉम्प्युटर सोडला. २०२० च्या टाळेबंदीत तोच धूळ खात पडलेला कॉम्प्युटर शाळा झाला. त्या दोन वर्षांत ग्राफिक कार्डांचा तुटवडा पडला, काही कारखान्यांमुळे, बराचसा आभासी चलन खणणाऱ्यांमुळे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे खणणे बंद झाले आणि वापरून शिजलेली कार्डे सेकंडहँड बाजारात ओतली गेली. त्यातली काही वऱ्हाडातही आली असणार.

या सगळ्या इतिहासाचा आजच्या निर्णयाला उपयोग काय, ते एका मशीनवर दाखवतो. अकोल्यातल्या एका घरचे हे मशीन २०१७ च्या उन्हाळ्यात घेतलेले. इंटेल आय५-७४००, एच११० चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी डीडीआर४ रॅमची एकच पट्टी, १ टीबी हार्ड डिस्क आणि जीटीएक्स १०५० टीआय कार्ड. त्या वेळी नववीत असलेला मुलगा आता लग्नसराईत व्हिडिओ एडिटिंग करून घरखर्चाला हातभार लावतो आणि रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट खेळतो. त्याला आरएक्स ६६०० कार्ड हवे होते. किंमत तेव्हा वीस हजारांच्या आसपास. वडिलांनी हिशेब केला तो सोयाबीनमध्ये : २०२५ च्या ५,३२८ रुपयांच्या हमीभावाने चार क्विंटल. आणि हमीभाव बाजारात मिळतोच असे नाही, शिवाय त्या वर्षीच्या पावसाने शेंगा शेतातच सडवल्या.

कार्ड घेतले असते तर काय झाले असते? १०५० टीआय ७५ वॅटमध्ये भागवते आणि ती वीज बोर्डाच्या स्लॉटमधूनच घेते. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट आणि एसएमपीएसकडून वेगळी तार लागते, म्हणजे आठ उन्हाळे पाहिलेल्या फुकटच्या डब्यावर तो भार पडला असता. आणि व्हॅलोरंट हा गेम कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त अवलंबून असतो. चार कोअरच्या या प्रोसेसरपुढे नवे कार्ड बरेचसे रिकामे बसले असते, मूर्तिजापूरच्या डिझेल इंजिनासारखे. हे तपासायची सोपी युक्ती आहे. गेममधले रिझोल्यूशन एकदम खाली आणावे. फ्रेम वाढल्या तर कार्ड अडत होते, जिथल्या तिथे राहिल्या तर प्रोसेसर. त्या घरी आम्ही हे करून पाहिले, फ्रेम जवळपास तितक्याच राहिल्या. (स्वस्तात म्हणून काही जण आरएक्स ६५०० एक्सटी सुचवतात. ते कार्ड स्लॉटच्या चारच वाहिन्या वापरते आणि जुन्या तिसऱ्या पिढीच्या स्लॉटवर हमखास मार खाते. या वयाच्या बोर्डाला ते देऊ नये.)

मग प्रोसेसर बदलावा? या बोर्डावर बसू शकेल असा मोठा प्रोसेसर म्हणजे आय७-७७००. सेकंडहँड मिळत होता, पण भाव चढाच होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये इंटेलने आठव्या पिढीचे प्रोसेसर आणले. सॉकेट तेच, पिनाही ११५१ च, तरी ते जुन्या बोर्डावर चालेनात, नवा बोर्ड घ्या म्हणून सांगण्यात आले. हे मशीन घेऊन तेव्हा जेमतेम चार-पाच महिने झाले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये एएमडीचा रायझन आला होता, एएम४ सॉकेटवर. त्या पहिल्या वर्षीचा बी३५० बोर्ड ज्याने घेतला, त्याला बायोस नवे करून २०२० नंतरचा रायझन ५६०० त्याच बोर्डावर बसवता आला. एप्रिल २०२२ मधला ५८००एक्स३डी सुद्धा. एएमडीनेही आधी खळखळ केली होती, पण शेवटी दार उघडले. २०१७ च्या उन्हाळ्यात दोन्ही मशीन दुकानात शेजारी शेजारी ठेवलेली असणार, आणि गेमच्या फ्रेमचा आकडा पाहून इंटेल घेणारा त्या दिवशी चुकला असेही म्हणता येत नाही. ८१० च्या बोर्डाचीच ही पुनरावृत्ती.

२०२५ मध्ये त्यात मुदतीची भर पडली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार संपवला. विंडोज ११ च्या यादीत इंटेलचे प्रोसेसर मुख्यतः आठव्या पिढीपासून आहेत, सातवी पिढी दोन-चार अपवाद सोडता बाहेर. सुरक्षेची टीपीएम २.० ही सोय या मशीनमध्ये बायोसमधून चालू करता येते, तरी प्रोसेसर यादीत नाही तो नाहीच. आणि १०५० टीआयच्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणे ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवायचे एनव्हीडियाने जाहीर केले, सुरक्षेपुरते ते २०२८ पर्यंत मिळतील. घरातल्यांना वाटले की मशीन आता भंगारातच गेले. तसे नाही. विंडोज १० ला घरगुती वापरासाठी एक वर्षाची वाढीव मुदत मिळते.

तेव्हा निकष एकच लावला : आज घेतलेला भाग पुढच्या बोर्डावर जाईल का? आय७-७७०० जाणार नाही, तो याच बोर्डाबरोबर मरेल. त्यामुळे तो बाद. एसएमपीएस जाईल. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप ठरवले, ते थोड्याफार फरकाने आजही टिकून आहे. या मशीनला आणि पुढे येणाऱ्या कार्डालाही मिळून अडीचशे वॅटच्या आसपास लागतील, म्हणून खरोखर ४५० वॅट देणारा, नाव असलेल्या कंपनीचा डबा पुरेसा आहे. एसएसडी जाईल. बोर्डावर एम.२ ची जागा नव्हती म्हणून साधी साटा एसएसडी घेतली, एडिटिंग करणाऱ्याला तिचा फायदा पहिल्याच दिवशी दिसला. रॅमची दुसरी पट्टी जाईल, कारण एएम४ लाही डीडीआर४ च लागते. ती ३२०० वेगाची घ्यायला सांगितली. या बोर्डावर ती २४०० नेच चालेल, पण दोन पट्ट्या झाल्याने प्रोसेसरला दोन वाटांनी माल मिळू लागतो. एक अडचण आली. मोठ्या कंपन्यांनी डीडीआर४ चे उत्पादन आवरते घ्यायला सुरुवात केल्याने तिचा भाव २०२५ मध्ये चढला होता. निहामाची आग नाही, पण परिणाम तोच. तरी पट्टी घेतली, आणखी थांबून ती स्वस्त होईल असे काही चिन्ह नव्हते.

तिन्ही मिळून कार्डाच्या निम्म्याहून कमी पैशांत झाले. डबा उघडला तेव्हा जुन्या एसएमपीएसमधले दोन कॅपॅसिटर टोकाला फुगलेले निघाले. कॅबिनेटला मागे एक पंखा लावला आणि मशीन कूलरच्या झोतासमोरून हलवून भिंतीपासून वीतभर पुढे ठेवले, याला काहीच खर्च नव्हता. व्हॅलोरंटच्या फ्रेम किती वाढल्या असे त्याच्या मित्राने विचारले. फार नाही. मधेमधे जो झटका बसून गेम गोठायचा तो गेला, आणि लग्नाचा व्हिडिओ निर्यात होताना मशीन बंद पडायचे ते थांबले.

उरतो बोर्ड आणि प्रोसेसरचा निर्णय. एएम४ चा जुना बोर्ड आणि रायझन ५६०० असा बेत आहे, त्याने विंडोज ११ चीही अट पुरी होते, आणि कार्ड त्यानंतर. विंडोज १० ची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. २०२६ ची दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे. म्हणजे हा खर्च बोनस हातात येण्याआधी, सोयाबीनची पहिली पोती बाजारात जातील त्या सुमारालाच करावा लागेल, आणि वडिलांनी आतापासून त्यासाठी दोन क्विंटल धरून ठेवले आहेत.